विरजणापुरतं

मेरिदा गावातल्या नझीराच्या खिडकीला कुणी दुकान म्हणत नसे, आणि तिनेही कधी पाटी लावली नाही. रस्त्याकडच्या खोलीची खिडकी सकाळी उघडायची. आत काचेच्या पेटीत तळलेल्या किबी रचलेल्या, शेजारी आंबट नारिंगाच्या रसात मुरवलेला लाल कांदा, आणि मागच्या फ्रीजमध्ये मिठाचं दही नि मिठाचाच चक्का. किबी म्हणजे गव्हाचा दलिया आणि कुटलेलं मांस यांचे टोकदार वळलेले गोळे. त्या गावात ते आता कुणीही करतं. तिथल्या मूळच्या माया लोकांच्या बायका करतात, समुद्रावर फिरते विक्रेते विकतात, आणि हा पदार्थ लेबनानहून आला असं सांगितलं तर लोक हसतात. म्हणतात, काहीतरीच, आमची आजी करायची की! नझीराला त्याचा राग येत नसे. "खाऊ देत," ती म्हणायची. "पोटात गेल्यावर कोणाचं काय राहतं?"

दह्याची गोष्ट मात्र वेगळी होती. त्या दह्याचं विरजण तिच्या आईने, अदलाने, लेबनानातल्या डोंगरावरच्या गावाहून आणलं होतं. कसं आणलं, हे ती दर वेळी नवं सांगायची. कधी म्हणे रुमालात वाळवून आणलं, कधी म्हणे बोटीवरच्या आचाऱ्याला गोड बोलून रोज दूध मिळवलं आणि रोज लावत आणलं. नझीराच्या वडिलांचं म्हणणं होतं की वाटेतल्या बंदरात कुणा बाईकडून उसनं घेतलं. वडिलांच्या म्हणण्यावर घरात कुणी विश्वास ठेवला नाही, कारण तेच खरं असण्याची शक्यता जास्त होती.

अदलाचा नियम एकच. दही मागा, पातेलंभर देईन. विरजण मागू नका. आता दही दिलं की विरजण त्यात आलंच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून अदला द्यायचं दही आधी फेटायची, त्यात मीठ आणि ठेचलेला लसूण घालायची आणि मग द्यायची. लावून बघा म्हणावं आता. नझीराने हा नियम पुढे चालवला. अख्ख्या गल्लीला तिने जेवू घातलं, कुणाचं बारसं, कुणाचं दफन, तिची पातेली पुढे. पण बिनमिठाचं चमचाभर दही तिने कुणाला दिलं नाही.

एकदाच ते घराबाहेर गेलं होतं. नझीराचं लग्न शफीकशी ठरलं तेव्हा. शफीकच्या बापाचं बाजारात कापडाचं दुकान, घर भरलेलं, मुलगा शांत. गावातल्या लेबनानी घरांत याहून चांगलं स्थळ नव्हतं. साखरपुड्याला अदलाने विहिणीच्या हातात विरजणाचं भांडं ठेवलं आणि सगळ्या बायकांनी तोंडात बोटं घातली. पुढे तीन महिन्यांत नझीरा फेर्मीन कानूलबरोबर निघून गेली. फेर्मीन माया, बस चालवायचा, आणि त्याच्या नावावर टांगून निजायचा एक झोळणा नि एक ट्रान्झिस्टर यापलीकडे काही नव्हतं. शफीकच्या आईने अंगठी परत पाठवली, कापडं परत पाठवली, साखरबदामांचा डबाही परत आला. दही परत आलं नाही. ते रोज खायचं आणि रोज उद्यासाठी ठेवायचं, त्यातलं परत काय करणार?

त्यानंतर लेबनानी घरांनी नझीराचं नाव टाकलं. चर्चमध्ये ती ज्या बाकावर बसली, त्या बाकावरून बायकांच्या मंडळाची अदीबाबाई उठून दुसरीकडे जाऊन बसली, आणि ते साऱ्या गावाने पाहिलं. अदलाही लेकीशी बोलेना. नझीराला पहिली मुलगी झाली, लुसेली, तेव्हा कुठे अदला तिच्या दारात उभी राहिली. एका हातात बाळंतिणीच्या घरी करतात ती शहाजिऱ्याची खीर, दुसऱ्या हातात विरजण. माफी कोणी कोणाची मागितली नाही. "दूध फार तापवू नकोस, करंगळी सुखाने बुडाली पाहिजे," एवढंच म्हणाली आणि नातीला उचलून घेतलं.

पुढे अदला गेली. बऱ्याच वर्षांनी फेर्मीनही गेला. नझीराने सत्तरी ओलांडली. दही रोज लागत होतं.

मग ते सप्टेंबरातलं मोठं वादळ आलं. गल्लीतले पत्रे उडाले, झाडं आडवी झाली, वीज गेली ती कित्येक दिवस. नझीराचं घर जुनं आणि दगडी, ते टिकलं. शेजारपाजारचे लोक आपापले झोळणे घेऊन आले आणि तिच्या खोल्यांच्या आकड्यांना टांगून राहिले. तिने फ्रीजमधलं सगळं शिजवलं. मांस संपलं, मग डाळी संपल्या, मग परसातल्या चाया नावाच्या पालेभाजीची पानं उकडून त्यात भात भरून झाला. शेवटच्या दिवशी भात होता आणि मोठ्या पातेल्यात तळाशी दही.

समोरच्या क्रिसान्ताचा नवरा खाणारा माणूस. त्याने दोनदा घेतलं, आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. आता तिसऱ्या वाढपाला 'संपलं' म्हणायचं म्हणजे नझीराच्या आईने थडग्यातून उठून तिचा कान पिरगाळला असता. नझीराने पातेलं तिरपं केलं, डाव गोल फिरवला आणि कडेचं निपटून त्याच्या भातावर घातलं.

"पुरे, पुरे," तो म्हणाला.

"काय पुरे? घ्या. पाहुण्याने लाजू नये."

पातेलं घासून पालथं घातल्यावर तिच्या लक्षात आलं. ती तिथेच मोरीशी बसली. लुसेली धावत आली, तिला वाटलं चक्कर आली.

"काय झालं आई?"

"निपटून वाढलं मी. सगळं."

"अगं मग? उद्या वीज येईल म्हणतात."

"वीज येईल गं," नझीरा म्हणाली. "दही कुठून येईल?"

वीज आली. लुसेलीने दुकानातून पाकिटातलं दही आणलं, नझीराने दूध कोमट केलं, लावलं, रात्रभर शाल गुंडाळून ठेवलं. दही लागलं. गोडसर, ताणलं की तार धरणारं, जिभेला काही न सांगणारं. दुधाची तहान ताकावर म्हणतात, पण हे ताकही नव्हतं. तिने त्याचा चक्का बांधला आणि विकला. गिऱ्हाइकांनी नेला. क्रिसान्ता तर म्हणाली, "या वेळचं छान आहे हो, आधीचं जरा आंबटच असायचं." नझीरा त्या दिवशी खिडकी दुपारीच लावून बसली.

"कुणाला कळत नाहीये आई," लुसेली म्हणाली.

"मला कळतंय ना. मी मेल्यावर तुम्ही खा पाकिटातलं."

साऱ्या मेरिदात ते विरजण आणखी एकाच घरात असणार, हे तिला ठाऊक होतं. आठ दिवस ती त्यावर नुसती फणफणली. नवव्या दिवशी तिने किबी तळल्या, चांगलं लुगडं म्हणावं तसा चांगला पोशाख काढला, पिशवीच्या तळाशी झाकणाचं छोटं भांडं ठेवलं, वर किबी ठेवल्या, आणि शफीकच्या घरी गेली. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. नझीराने ते चांगलं खाली दडपलं होतं.

तरी जाताना तिचं मनाशी ठरलेलं होतं. मागणं घेऊन जाणाऱ्याची रीत असते. यजमान कॉफी समोर ठेवतो. मागणाऱ्याने तिला हात लावायचा नाही. यजमान म्हणतो, घ्या. आपण म्हणायचं, आधी माझं काम. यजमान म्हणतो, झालं समजा, तेव्हा कप उचलायचा. कप न उचलता मागितलं की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं, आणि मागणाऱ्याला शब्दांचं पाल्हाळ लावावं लागत नाही. ज्याने कॉफी आधीच पिऊन टाकली, तो नुसता पाहुणा. तिचे वडील याच रीतीने उधारीवर पहिला माल घेऊन आले होते.

शफीक व्हरांड्यात आरामखुर्चीत बसला होता. केस गेलेले, मिशी राहिलेली. त्याने चष्मा वर केला.

"या कानूलबाई. वाट चुकलात का?"

"वादळात तुमच्याकडे काही पडलं-झडलं का बघायला आले."

"आंब्याचं झाड पडलं. मी उभा आहे. बस."

सुनेने कॉफी आणली. वेलदोडे घातलेली, वर फेस, लहान कप. नझीराच्या नाकाला ती आधी कळली. वेलदोड्यांची कॉफी तिच्या घरी फेर्मीन गेल्यापासून होत नव्हती, एकटीसाठी कोण कुटत बसणार. तिने हात मांडीवर ठेवले. शफीकने भरलेल्या कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि घ्या म्हणण्याऐवजी भलताच विषय काढला.

"फेर्मीन गेला तेव्हा मी आलो नाही."

"कळलं होतं मला, कोण आलं नि कोण नाही ते."

"मी त्याच्याच बसने दुकानात जायचो. माहीत आहे तुला?"

नझीराला माहीत नव्हतं.

"एकोणीस वर्षं," शफीक म्हणाला. "दुसरी बस होती, पण ती बाजाराला वळसा घालून जायची. पहिल्या दिवशी त्याने मला आरशात ओळखलं. मीही ओळखलं. बोललो काही नाही. मी त्याच्या मागच्या सीटवर बसायचो. दारापासून लांब, धूळ कमी यायची तिथे. पुढेपुढे तर ती सीट तो कोणाला बसू द्यायचा नाही. म्हातारी बाई आली तरी म्हणायचा, तिथे एक गृहस्थ बसतात, पुढच्या थांब्यावर चढतील."

"मला कधी बोलला नाही."

"काय बोलायचं होतं त्यात? चांगला चालवायचा. खड्डे ओळखून चालवायचा."

नझीराला फेर्मीनचे हात दिसले, स्टिअरिंगवरचे, पालथे, काळे. नकळत तिने समोर जे होतं ते उचललं. एक घोट, दुसरा घोट. कॉफी चांगली होती, थेट आईच्या हातची. कपाच्या तळाचा गाळ ओठाला लागला तेव्हा तिला भान आलं. तिने कप बशीत ठेवला. तो रिकामा होता, आणि शफीक त्याच्याकडेच बघत होता.

"म्हणजे सहज आलीस," तो हळू म्हणाला.

"हो," नझीरा म्हणाली. "सहज."

किबी तिथे ठेवून ती परत आली. भांडं पिशवीत होतं तसंच. लुसेलीने विचारलं तर म्हणाली, "कॉफी प्याले मी." लुसेली शिक्षिका, चार बुकं शिकलेली, पण बापाच्या वळणावर गेलेली. तिला काही कळलं नाही. "मग चांगलं झालं ना," ती म्हणाली. नझीराने कपाळाला हात लावला.

पुढच्या शनिवारी दुपारी खिडकीवर शफीक उभा. पायी आला होता, शर्ट घामाने चिकटलेला. नझीराने त्याला आत घेतलं, पंखा त्याच्याकडे वळवला, आणि त्या दिवशीची लाज वाटून वेलदोडे कुटून कॉफी केली. शफीकने कप पाहिला आणि हाताची घडी घातली.

"घे की."

"आधी माझं काम."

नझीरा हसली. तिच्या दारात कोणी असं बसेल, असं तिला वाटलं नव्हतं. "झालं समज. पी."

त्याने सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत कॉफी प्यायली. मिशी पुसली.

"विरजण दे मला. तुझ्या आईचं."

नझीराने रिकामा कप आपल्याकडे ओढला.

"बायको गेल्यापासून माझा नोकर दर शनिवारी तुझ्या खिडकीवरून चक्का नेतो. नाव नाही सांगायचं, असं बजावलंय त्याला. आमच्या घरचं विरजण सुनेने फ्रीज धुताना ओतून दिलं. म्हणाली, आंबलं होतं. दही आंबलं म्हणून ओतलं, सांग मला! तेव्हापासून तुझ्यावर चाललंय माझं. आणि वादळ झाल्यापासून तू खिडकीत पाकिटाचं विकतेस. विक. धंदा आहे. पण घरात खरं ठेवलं असशील ना, त्यातलं चमचाभर दे. मी स्वतः लावीन. तोंडाला चव नाही माझ्या."

नझीराला आधी हसू आलं. मग ते आवरेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आलं, आणि लुसेली आतून बघायला आली. नझीराने त्याला पातेलं सांगितलं, क्रिसान्ताचा नवरा सांगितला, तिसरं वाढप सांगितलं.

"म्हणजे त्या दिवशी तू त्यासाठी आली होतीस," शफीक म्हणाला.

"मग काय आंब्याचं झाड बघायला?"

"आणि कॉफी प्यायलीस. गाढव आहेस."

"तू मोठा शहाणा. भरलेला कप दिसत होता ना? घे म्हणायला काय झालं होतं?"

शफीकने टोपी गुडघ्यावर फिरवली. "मला वाटलं, माफी मागशील. इतक्या वर्षांनी ती घेऊन मी काय करू? म्हणून बोलत सुटलो." मग तो उठला. "जाऊ दे. नाहीच तर देशील कुठून? शब्द मोकळा समज."

"कॉफी प्यायलास तू," नझीरा म्हणाली. "आता कसला मोकळा?"

स्वतःसाठी मागायचं म्हटलं की नझीराची जीभ टाळ्याला चिकटायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण शब्द दिलेला, आणि तोही शफीकला, ज्याला एकदा दिलेला तिने मोडला होता. तिला झोप लागेना. गावात जुन्या रीतीने दही लावणारं एकच लेबनानी घर उरलं होतं, तेही अदीबाबाईचं. ते तिच्या आईचं नसणार, पण निदान डोंगराकडच्या कुणाचं तरी असणार. सोमवारी ती गेली. या वेळी भांडं पिशवीत दडपलं नाही, हातात धरून गेली, आणि दारात उभ्या असलेल्या नोकराणीने ते पाहिलं.

अदीबाबाई नव्वदीच्या घरात. पाय गेलेले, कान आणि जीभ शाबूत. तिने नझीराला समोर बसवलं, कॉफी मागवली आणि तोंड सोडलं.

"ये, कानूलबाई. बरी आठवण झाली. मला वाटलं माझ्या मयतालाच येशील. तेही लांबून."

"लांबून कशाला? जवळूनच येईन. माती नीट पडली का बघायला नको?"

"आईसारखीच फटकळ," अदीबाबाई खूश होऊन म्हणाली. मग तिने मुलगे काढले, सुना काढल्या, चर्चचा नवा पाद्री काढला, त्याच्या खाण्यापिण्याच्या खोडी काढल्या. कॉफी आली, फेस बसला, वर साय धरल्यासारखी झाली. नझीराने कपाकडे पाहिलं नाही. तिला ठाऊक होतं, पाहिलं तर हात जाईल. भिंतीवरच्या कुणा संताच्या चित्राकडे ती बघत राहिली. अदीबाबाई बोलता बोलता थांबली.

"कॉफी आवडत नाही आमची?"

"आधी माझं काम, अदीबाताई."

अदीबाबाई खुर्चीत सरळ झाली. त्या घरात असं बसलेलं माणूस तिने कित्येक वर्षांत पाहिलं नसावं. तिचे मुलगे अर्ज करायचे, सुना फोन करायच्या.

"बोल."

"विरजण हवंय."

"एवढंच? झालं समज." आणि आतल्या बाजूला तोंड करून तिने हाक मारली, "पेत्रोना! अदला आण गं. चांगली वाटीभर काढ."

नझीरा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "कोणाला बोलावलंत?"

"बोलावलं कुठे? दही मागवलं." अदीबाबाईला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. "तुला माहीत नाही? तू त्या बसवाल्याबरोबर गेलीस ना, त्या महिन्यात तुझी आई दारोदार फिरली. आमच्याकडे याच खोलीत बसली होती. कॉफी ठेवली तर हात लावेना. आम्हाला वाटलं, मुलीला मंडळात घ्या म्हणेल, आणि आम्ही नाही म्हणायच्या तयारीत. तर भांडं पुढे केलं. म्हणाली, मुलगी गेली, माझ्यामागे हे लावणारं कोणी नाही, तुम्ही लावा. माझ्या आईने हो म्हटल्यावर मग प्यायली. सहा घरी गेली म्हणे अशी. जी दह्याला कुणाचा चमचा शिवू द्यायची नाही, ती."

"मला कधी बोलली नाही."

"तुझ्याशी बोलत कुठे होती तेव्हा? आणि मग तुला बाळ झालं, ती तुझ्याकडे गेली, मग काय सांगणार? आम्ही नाव तेच ठेवलं. अदला लावली का, अदला आंबली, अदला उरली का उद्यापुरती. माझ्या दोन सुना राजधानीत राहतात, त्यांच्या फ्रीजमध्येही अदलाच. नातवंडांना वाटतं दह्याला अरबीत तेच म्हणतात."

पेत्रोनाने वाटी आणून ठेवली. नझीराने करंगळी बुडवून तोंडात घातली. आंबट, दाट, जिभेच्या कडांना धरणारं. ती रडली. तोंड रुमालाआड वगैरे न घेता, अदीबाबाईच्या समोर, मोठ्याने रडली. ज्या घराने तिचं नाव टाकलं, त्या घरात तिच्या आईचं नाव रोज सकाळी आणि रोज रात्री घेतलं जात होतं. अदीबाबाईने तिला रडू दिलं आणि मग गुडघ्यावर थापटलं.

"पुरे आता. कॉफी पी. गार झाली असेल, दुसरी करायला सांगते."

"नको," नझीरा म्हणाली. "हीच पिते."